मित्राच्या हातून आलेले पुस्तक

पुस्तक वाचकापर्यंत अनेक वाटांनी येते. काही पुस्तके अभ्यासक्रमात नेमलेली असतात, काही बक्षीस म्हणून मिळतात, काही वडीलधारी माणसे आवर्जून आणून देतात. परंतु एक वाट अशी आहे, की तिची नोंद कोणत्याही ग्रंथालयाच्या वहीत सापडत नाही. मधल्या सुट्टीत एक मूल दुसऱ्याच्या हातात कोपरे दुमडलेले, शिवण सैल झालेले पुस्तक ठेवते आणि म्हणते, "हे वाच." बहुतेक वेळा याहून अधिक काही सांगितले जात नाही. तरीही घरी गेल्यावर दप्तरातून सर्वांत आधी तेच पुस्तक बाहेर निघते.

मैत्री आणि मोठे होणे या विषयांवरील पुस्तकांच्या बाबतीत ही वाट विशेष महत्त्वाची ठरते. विज्ञानाची माहिती देणारे पुस्तक कोणते चांगले, हे शिक्षक अचूक सांगू शकतात. पण जिवलग मैत्रिणीने अचानक अबोला धरला, मित्र गाव सोडून गेला, घरात पैशांची ओढाताण आहे हे प्रथमच समजले, आवाज फुटू लागला आणि वर्गात हसे झाले, अशा वेळी कोणते पुस्तक सोबतीला घ्यावे, हे त्याच वाटेवर दोन पावले पुढे असलेले मूल अधिक नेमके सांगू शकते. प्रौढ माणूस बालपणाकडे मागे वळून पाहत असतो. मूल अजून त्यातून चालत असते.

पुण्यात किंवा नागपुरात राहणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही गोष्ट साधी आहे. तेथे मराठी पुस्तकांची दुकाने आहेत, वाचनालये आहेत, शाळेच्या कपाटात थोडीफार गोष्टींची पुस्तके असतात. छत्तीसगडमधील सिलतरा येथे मात्र परिस्थिती वेगळी आहे. रायपूरच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गालगत, धरसीवा तालुक्यात हे गाव आहे. लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची मोठी औद्योगिक वसाहत म्हणून ते ओळखले जाते. अशा वसाहतीत कामानिमित्त निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येतात. नागपूर, भंडारा, गोंदिया या बाजूने येणाऱ्यांना रायपूर फारसे परके नाही. मुंबई-हावडा लोहमार्गाने ही सर्व गावे एका ओळीत जोडलेली आहेत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रायपूरचा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. रायपूर शहरात महाराष्ट्र मंडळही आहे. तथापि कारखान्याजवळच्या वस्तीत वाढणाऱ्या मराठी मुलाची शाळा हिंदी, खेळातली बोली छत्तीसगढी आणि घरातली भाषा मराठी, असा व्यवहार असतो. मराठी पुस्तक त्याच्या रस्त्यात सहज आडवे येत नाही. सुट्टीत आजोळी गेलेल्या एखाद्या मुलाने परत येताना पिशवीतून एक पुस्तक आणले आणि ते शेजारच्या घरी दिले, तर तेवढेच त्या आळीचे मराठी ग्रंथालय. तेव्हा कोणते पुस्तक आणावे आणि कोणाला द्यावे, हा प्रश्न तेथे किरकोळ राहत नाही.

मराठीत मुलांसाठी पुस्तके छापली जाऊ लागली, त्या वेळी निवड अर्थातच मोठ्यांच्या हाती होती. सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे 'बाळमित्र' हे पुस्तक १८२८ साली प्रसिद्ध झाले. बर्क्विन या फ्रेंच लेखकाच्या गोष्टी इंग्रजीच्या मार्गाने त्यात मराठीत आल्या होत्या. या पुस्तकाचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. पुस्तक हाच बालकाचा मित्र, ही कल्पना मराठी बालसाहित्याच्या प्रारंभीच मांडली गेली. मात्र हा मित्र होता वयाने मोठा. त्याला मुलांनी कसे वागावे हे सांगायचे होते. पुढील शंभर वर्षे बालसाहित्यात या मोठ्या मित्राचाच आवाज प्रामुख्याने ऐकू येत राहिला.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकाकडे बोधाचे पुस्तक म्हणूनच पाहिले जाते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक घरोघरी वडीलधाऱ्यांनी मुलांच्या हाती दिले. पण त्याची रचना नीट पाहिली, तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. श्याम आपल्या लहानपणाच्या हकिकती रात्री जमलेल्या मित्रांना सांगत आहे. त्यामुळे पुस्तकाच्या भागांना प्रकरणे म्हटलेले नाही, ते रात्रींनी मोजले आहेत. एका मित्राने दुसऱ्या मित्रांपुढे आपले मोठे होणे उलगडावे, अशी ती बैठक आहे. गुरुजींना या बैठकीचे मोल अनुभवाने ठाऊक होते. अमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना त्यांनी वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले होते.

'श्यामची आई' मुलाने मुलाला सुचवायचे झाल्यास तो कोणता प्रसंग सांगेल? मोठी माणसे बहुधा पायाच्या तळव्यांना घाण लागू नये म्हणून आईने पदर पसरल्याचा प्रसंग सांगतात. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई शिपटीने मारत बाहेर काढते, तो प्रसंग मुलाला अधिक जवळचा वाटण्याची शक्यता आहे. भीती वाटणे, ती चारचौघांत उघडी पडणे आणि तरी पाण्यात उतरणे, हे दहा वर्षांच्या मुलाचे रोजचे जगणे असते. पुस्तक तेच, पण दार दुसरे. मुलांच्या शिफारशीचे महत्त्व येथे आहे. ती मोठ्यांनी बंद ठेवलेले दार उघडून देते.

भा. रा. भागवत यांच्या 'फास्टर फेणे'ला तर मोठ्यांच्या शिफारशीची गरजच फारशी भासली नाही. फुरसुंगीचा, अंगाने किरकोळ, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा बनेश फेणे सायकलवरून सुसाट निघतो आणि संकटात सापडतो. वीस पुस्तकांच्या या मालिकेत कोणतेही पुस्तक आधी वाचले तरी चालते. प्रत्येक पुस्तक लहान, स्वतंत्र आणि एका बैठकीत संपणारे. देवघेवीसाठी याहून सोयीची रचना असू शकत नाही. एकाने एक पुस्तक विकत घ्यावे, दुसऱ्याने दुसरे, आणि पाच मित्रांत पाचही फिरावीत. १९८७ साली दूरदर्शनवर आणि २०१७ साली चित्रपटातून बनेश पुन्हा लोकांपुढे आला, ते त्या देवघेवीत वाढलेले वाचक घरोघरी होते म्हणूनच. याच भागवतांनी १९५१ साली मुलांसाठी मासिक काढले आणि त्याला नाव दिले 'बालमित्र'. छत्र्यांच्या पुस्तकाचेच जवळजवळ ते नाव. फरक एवढाच, की आता मित्र मुलांच्या बरोबरीने धावू लागला होता. एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. फेणे धावतो, पडतो, चोर पकडतो, पण मोठा होत नाही. मोठे होताना काहीतरी हातून सुटते, आणि साहसकथेला त्या सुटण्यापाशी थांबायला सवड नसते.

ते थांबणे प्रकाश नारायण संत यांच्या लंपनकथांत आहे. संत हे कवयित्री इंदिरा संत यांचे पुत्र आणि कराड येथे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. 'वनवास' हा त्यांचा पहिला संग्रह १९९४ साली आला. नंतर 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' हे संग्रह आले. लंपन हा शाळकरी मुलगा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांच्या घरी सीमाभागातील गावात राहतो. आजीचे प्रेम आहे, मित्र आहेत, सुमी नावाची मैत्रीण आहे, तरीही आईपासून दूर असल्याची एक बारीक कळ त्याच्या सर्व आनंदाखालून वाहत असते. सुमीविषयी आपल्याला काय वाटते, हे त्याला शब्दांत मांडता येत नाही, आणि लेखकही ते त्याच्या वतीने मांडून टाकत नाही. वाचकाला ते कळते, एवढे पुरते.

लंपनची भाषा हा या पुस्तकांचा दुसरा विशेष आहे. ती कानडीच्या शेजारात वाढलेली, सीमाभागाच्या वळणाची मराठी आहे. सिलतऱ्याच्या मुलाला हे विशेष उपयोगी आहे. त्याच्या मराठीत हिंदी मिसळलेली असते, क्रियापदे कधी छत्तीसगढीच्या वळणाने जातात, आणि सुट्टीत महाराष्ट्रात गेले की भावंडे हसतात. शेजारच्या भाषेचा रंग लागलेली मराठीही उत्तम साहित्याची भाषा होऊ शकते, हे लंपन कोणतेही व्याख्यान न देता दाखवून देतो. हसे झालेल्या मुलाला हे पुस्तक दुसऱ्या हसे झालेल्या मुलाने दिले, तर देताना काही समजावून सांगावे लागणार नाही.

हातून सुटण्याची सर्वांत कठोर गोष्ट 'पाडस' या पुस्तकात आहे. अमेरिकन लेखिका मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या १९३८ सालच्या कादंबरीचा हा अनुवाद राम पटवर्धन यांनी केला. फ्लोरिडाच्या रानात आईवडिलांसह राहणारा एकुलता एक मुलगा हरणाचे पाडस पाळतो. त्याच्या अपंग मित्राने त्या पाडसासाठी नाव सुचवलेले असते. तो मित्र लवकरच मरण पावतो. पाडस वाढते आणि घरचे उभे पीक खाऊ लागते. ते पीक गेले तर वर्षभर खायचे काय, असा प्रश्न उभा राहतो, आणि शेवटी त्या मुलालाच पाडसावर बंदूक चालवावी लागते. हे पुस्तक मुलांना द्यावे की नाही, याविषयी पालक साशंक असतात. वास्तविक ज्या घरात दुष्काळी सालात बैल विकावा लागला आहे, किंवा कारखान्यातील काम सुटल्यामुळे मुलाची शाळा सुटली आहे, त्या घरातील मुलाला या पुस्तकातले नवे असे काही नसते. आपल्यावर आले ते दुसऱ्या कोणावर तरी, तेही दूरच्या एखाद्या रानात, आले होते, एवढेच त्याला समजते. ते थोडे नाही.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीबद्दलही अशीच शंका व्यक्त केली जाते. आणीबाणीच्या काळात नववीत शिकणारा मुकुंद जोशी, त्याचे मित्र आणि वर्गातली शिरोडकर यांची ही कथा. मुलांचे आपापसातले बोलणे त्यात जसेच्या तसे येते, म्हणून काही घरांत ती उंच फळीवर ठेवली जाते. उंच फळीवरचे पुस्तक मुले आधी वाचतात, हे फळीवर ठेवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. शिवाय या कादंबरीचा खरा विषय प्रेम नसून मैत्रीची मुदत हा आहे. वर्ष संपते तेव्हा शिरोडकर दूर गेलेली असते, मित्रांचे टोळकेही पूर्वीचे राहत नाही, आणि दहावी समोर उभी असते. शाळा संपते म्हणजे नेमके काय संपते, हे शाळेबाहेर पडलेल्या वाचकाला अधिकच तीव्रतेने जाणवेल.

येथवर आलेले नायक पाहिले, तर ते सारे मुलगे आहेत. हा योगायोग नव्हे. मुलींना मोठे व्हायला वेळच मिळत नव्हता. लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ सालचा. अकराव्या वर्षी त्यांचा विवाह झाला, आणि पुढचे मोठे होणे सासरी व संसारात घडले. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्याची हकिकत आहे. त्याच १८६८ साली अमेरिकेत लुइझा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. चार बहिणी, त्यांची भांडणे, शेजारच्या मुलाशी मैत्री, आणि लेखिका होण्याचा ध्यास घेतलेली जो. शांता शेळके यांनी या कादंबरीचा 'चौघीजणी' या नावाने अनुवाद केला. मराठी मुलींच्या कित्येक पिढ्यांत हे पुस्तक मोठ्या बहिणीकडून धाकटीकडे आणि मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जात राहिले. घरात राहूनही मनाने दूरवर जाता येते, हा दिलासा त्यांना परक्या देशातील चार बहिणींनी दिला.

मुलाने मुलाला पुस्तक देणे ही गोष्टच ज्या पुस्तकात येते, असे एक पुस्तक म्हणजे 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांनी १९८१ साली जपानीत लिहिलेल्या या आठवणींचा चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलेला मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने प्रकाशित केला आहे. खोडकर म्हणून पहिल्या शाळेतून काढून टाकलेली लहानगी तोत्तोचान तोमोए नावाच्या शाळेत येते. या शाळेचे वर्ग रेल्वेच्या जुन्या डब्यांत भरतात. एके दिवशी आणखी एक डबा येतो, आणि मुख्याध्यापक कोबायाशी तेथे ग्रंथालय करतात. कोणीही कोणतेही पुस्तक केव्हाही वाचावे, अमुक पुस्तक अमुक इयत्तेचे असे काही मानू नये, असे ते मुलांना सांगतात. उंच फळीच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर मिळणे कठीण.

याच शाळेत यासुआकी नावाचा मुलगा असतो. पोलिओमुळे त्याचे हातपाय अधू झालेले. तोमोएत प्रत्येक मुलाने चढण्यासाठी आपापले एक झाड ठरवलेले असते. यासुआकीला मात्र झाडावर चढणे शक्य नसते. सुट्टीत, घरी कोणाला न सांगता, तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर बोलावते. शिडी ओढून आणून, घामाघूम होऊन, ती त्याला वर घेते. त्याला प्रथमच उंचावरून जग दिसते. या प्रसंगामुळे पुस्तक सर्वत्र गाजले. त्या मानाने दुसरी एक लहान गोष्ट दुर्लक्षित राहते. यासुआकी तोत्तोचानला एक पुस्तक वाचायला देतो. ते असते 'अंकल टॉम्स केबिन', अमेरिकेतील गुलामांची करुण कहाणी सांगणारे. सुट्टी संपून शाळा सुरू होते तेव्हा कळते, की यासुआकी गेला. पुस्तक तोत्तोचानकडेच राहते. ते आता परत कोणाला द्यायचे, हे तिला कळत नाही.

तिने त्याला झाड दिले, त्याने तिला पुस्तक दिले. ज्याच्या पायांना दूर जाता येत नव्हते, त्याने ज्या वाटेने तो दूर जाऊन आला होता ती वाट मैत्रिणीला दाखविली. मुले एकमेकांना पुस्तक सुचवतात तेव्हा पुष्कळदा असेच काहीतरी घडत असते. जे बोलता येत नाही ते पुस्तकावर सोपवले जाते. "माझ्या घरी असे चालले आहे," असे म्हणणे बारा वर्षांच्या मुलाला जड जाते. "हे वाच," असे म्हणणे सोपे असते.

'तोत्तोचान' सिलतऱ्यासाठी आणखी एका कारणाने सोयीचे आहे. ते हिंदीतही उपलब्ध आहे. 'श्यामची आई'चाही हिंदी अनुवाद झालेला आहे. मराठी घरातल्या मुलीने ते मराठीत वाचावे, तिच्या छत्तीसगढी मैत्रिणीने हिंदीत, आणि दोघींनी एकाच पुस्तकावर भांडावे, हे सहज घडू शकते. या प्रदेशाला अशा देवघेवीची परंपराही आहे. माधवराव सप्रे मराठी घरातले. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. पुढे 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. आपल्याला आवडलेले पुस्तक शेजाऱ्याच्या भाषेत नेऊन देणे, ही शिफारशीची पुढची पायरी म्हणता येईल. मासिकाच्या नावात येथेही 'मित्र' आलाच आहे.

मुलांच्या लिहित्या शब्दाला जागा देणारी नियतकालिकेही उपयोगी पडतात. भोपाळच्या एकलव्य या संस्थेने १९८५ साली सुरू केलेल्या 'चकमक' या हिंदी मासिकात मुलांच्या स्वतःच्या लेखनासाठी 'मेरा पन्ना' हे सदर आहे. मराठीत बालभारतीचे 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघते. त्याचे जुने अंक आता बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. घरात एक मोबाइल असेल तर सिलतऱ्यातही ते उघडता येतील. अर्थात मोबाइल घेऊन कामावर गेलेला बाप घरी येईपर्यंत थांबावे लागते, ही अडचण आहेच. कागदी पुस्तक उशीखाली ठेवता येते.

बापाचा उल्लेख आला, म्हणून आणखी एक गोष्ट. पुस्तक सुचविण्याचा ओघ मोठ्यांकडून लहानांकडेच वाहतो असे नाही. मुक्त विद्यालयात नाव घातलेल्या आईवडिलांच्या घरी सहावी-सातवीतली मुलगीच अनुभवी वाचक असते. तिने आईला "आधी हे वाच, हे सोपे आहे," म्हणून 'फास्टर फेणे' दिले, तर त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. आईनेही परतफेड करावी. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' हे १९७९ सालचे आत्मकथन मोठ्यांसाठी लिहिलेले असले, तरी आहे ते मोठे होण्याचेच पुस्तक. आईबापाविना वाढणारा दलित मुलगा उपास सोसत, अपमान गिळत शाळेची वाट सोडत नाही. आपण शाळा का सोडली, हे मुलीला कधीच सांगता न आलेल्या आईला हे पुस्तक तिच्या हाती देता येईल.

आता सुचवायचे कसे, याचा थोडा विचार करू. "पुस्तक खूप छान आहे, सर्वांनी वाचावे," अशी वाक्ये शाळांच्या भिंतीवर नेहमी दिसतात. अशा वाक्यांनी कोणी पुस्तक उघडत नाही, कारण ती कोणत्याही पुस्तकाला लागू पडतात. शिवाय 'सर्वांनी' या शब्दात कोणीच नसतो. शिफारस नेहमी एका माणसाला उद्देशून करावी. तो कोण आहे, सध्या कशात आहे, हे ध्यानात घ्यावे. पुस्तकातील एक प्रसंग सांगावा, शेवट सांगू नये. पुस्तकात काही अवघड किंवा कंटाळवाणे असेल तर तेही प्रामाणिकपणे सांगावे. त्यामुळे बाकीच्या स्तुतीवर विश्वास बसतो. सातवीतल्या एका मुलीने मैत्रिणीला 'चौघीजणी' देताना आत ठेवलेली चिठ्ठी अशी असू शकेल:

"तू म्हणतेस तुझे आणि ताईचे पटत नाही. यातल्या बहिणींचेही पटत नाही. धाकटी रागाच्या भरात जोची कथांची वही जाळून टाकते. मला इतका राग आला की मी पुस्तक मिटून ठेवले. पण दुसऱ्या दिवशी पुढे वाचले, तू पण थांबू नको, पुढे बर्फाचा प्रसंग आहे. सुरुवातीला नावे लक्षात राहत नाहीत, एका कागदावर लिहून घे. ताईला दाखवू नको. किंवा दाखव, तुझे तू बघ."

या चिठ्ठीत लेखिकेची माहिती नाही, साहित्यप्रकाराची चर्चा नाही, आणि परीक्षेत तिला फारसे गुण मिळणार नाहीत. पण तिच्यात मैत्रीण ओळखीची आहे, वाचताना झालेला राग आहे, अडचण आहे, आणि शेवटच्या वाक्यात मैत्रिणीला दिलेले स्वातंत्र्यही आहे. हेच प्रौढ विद्यार्थ्यालाही साधता येईल. पाळी संपवून आलेल्या कामगाराने सहकाऱ्याला 'पाडस' सुचवताना कादंबरीचा सारांश सांगण्याची आवश्यकता नाही. पीक वाचवायचे की पाडस, असा प्रश्न घरात उभा राहतो, एवढे एक वाक्य त्याने लिहिले तरी पुरे. मग ऐकणारा आपल्या गावाकडच्या शेताची आठवण काढील आणि पुस्तक मागून घेईल.

पुस्तक परत येते तेव्हा चिठ्ठीखाली उत्तर लिहिण्याची पद्धत ठेवावी. उत्तर सहमतीचेच असले पाहिजे असे नाही. "वाचले. वही जाळली तेथे मला तिचा राग आला नाही, कीव आली. उद्या सांगते," एवढेही चालते. पुस्तक तिसऱ्या घरी जाताना दोघींचे लिहिलेले सोबत जाते, चौथ्या घरी तिघींचे. काही महिन्यांनी चिठ्ठीवर जागा उरत नाही. तेव्हा पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानाला थोडी खळ लावून आणखी एक कागद चिकटवावा.